घरातील चित्रपटगृह : तारांची निवड आणि स्पीकरची जोडणी

चंडीगड शहराचा आराखडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या ल कॉर्बुझिए यांच्याकडे, तेथील शासकीय वास्तूंचे काम चालू असतानाच, एक निराळ्या स्वरूपाचे काम आले होते. १९५८ साली ब्रुसेल्स येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात फिलिप्स या डच कंपनीचे दालन उभारावयाचे होते. कॉर्बुझिए यांनी तेथे कंपनीचा माल मांडण्याऐवजी प्रकाश आणि ध्वनी यांचाच प्रयोग मांडला. वास्तूच्या वक्र भिंतींची भूमिती त्यांचे सहकारी यानिस झेनाकिस यांनी आखली. एडगार व्हारेझ यांनी सुमारे आठ मिनिटांची ध्वनिरचना केली. आणि ती रचना तीनशेहून अधिक स्पीकरांमधून ऐकविण्यात आली. ध्वनी एका स्पीकरकडून दुसऱ्याकडे सरकत श्रोत्यांच्या डोक्यावरून निघून जात असे. १९५९ च्या आरंभी ते दालन पाडण्यात आले. श्रोत्याला ध्वनीच्या मध्यभागी बसविण्याची कल्पना मात्र टिकून राहिली.

भारतीय प्रेक्षकांपैकी पुष्कळांना या कल्पनेचा पहिला प्रत्यय चित्रपटगृहात आला. १९७५ साली प्रकाशित झालेला ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर अनेकमार्गी ध्वनीसह दाखविला गेला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरील मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. योगायोग असा की, विद्युत्‌साहित्याची मुंबईतील मोठी बाजारपेठही याच रस्त्यावर आहे. पुढे १९९२ पासून चित्रपटांना डॉल्बी डिजिटल पद्धतीच्या ध्वनीची जोड मिळाली. समोर तीन आणि बाजूस दोन असे पाच पूर्ण ध्वनिमार्ग, शिवाय केवळ खर्जासाठी एक अपूर्ण मार्ग, अशी ही योजना आहे; म्हणून तिला ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात. काही वर्षांतच ती चित्रपटगृहातून बैठकीच्या खोलीत आली, आणि तिच्याबरोबर तारांचा प्रश्नही आला. एका स्पीकरला दोन तारा याप्रमाणे पाच स्पीकरांच्या दहा तारा खोलीभर फिरवावयाच्या. त्या किती जाड घ्याव्यात, कोठून न्याव्यात आणि कशा जोडाव्यात, या प्रश्नांची उत्तरे अवघड नाहीत. पण ती भिंतीला रंग लागण्यापूर्वी मिळावी लागतात.

चंडीगडच्या सेक्टर ४३ मधील एका सर्वसाधारण सदनिकेची कल्पना करू. या शहरातील प्रमाण सेक्टर सुमारे १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद असतो. वेगवान वाहतुकीचे रस्ते त्याच्या कडेने जातात, घरे आतल्या बाजूस तोंड करून असतात. सेक्टर ४३ मध्ये आंतरराज्य बस स्थानक आणि जिल्हा न्यायालयही आहे, त्यामुळे दिवसाची शांतता येथे बेताचीच. सदनिकेच्या भिंती विटांच्या, छत काँक्रीटच्या स्लॅबचे, जमीन गुळगुळीत फरशीची. बैठकीची खोली साडेपाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे असे धरू. अरुंद भिंतीवर दूरचित्रवाणी संच आहे, त्याखालच्या कपाटात रिसीव्हर आहे, आणि सोफा समोरच्या भिंतीपासून थोडा पुढे आहे. घराचे रंगकाम निघाले आहे, तेव्हा तारा भिंतीतून घालून घ्याव्यात असे कुटुंबाने ठरविले आहे. येथे चूक झाली तर ती गिलाव्याखाली गाडली जाईल, आणि ती दुरुस्त करावयाची म्हणजे छिन्नी-हातोडा घेऊन नवी भिंत फोडावयाची.

तारेचे काम काय, हे प्रथम पाहू. रिसीव्हरमधील ॲम्प्लिफायर स्पीकरकडे विद्युत्‌प्रवाह पाठवितो. हा प्रवाह एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो. स्पीकरच्या आतील वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे हलते, त्याला चिकटविलेला कागदी शंकू हवा ढकलतो, आणि आपणास ध्वनी ऐकू येतो. प्रवाहाला वेटोळे विरोध करते तसाच थोडा विरोध तारही करते. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली या विरोधाचा नियम मांडला, म्हणून रोधाचे एकक त्यांच्या नावाने ओळखले जाते. तार लांब तितका रोध अधिक, तार जाड तितका कमी. तारेने प्रवाहाचा जो वाटा स्वतःसाठी घेतला तो उष्णतेच्या रूपाने वाया जातो.

केवळ आवाज थोडा घटला असता तर फारसे बिघडले नसते. रिसीव्हरचे बटण किंचित फिरविले की काम झाले. पण प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. स्पीकरच्या पाठीवर ‘८ ओहम’ किंवा ‘६ ओहम’ असा जो आकडा छापलेला असतो तो स्थूलमानाचा असतो. प्रत्यक्षात स्पीकरचा विरोध, ज्याला शास्त्रीय परिभाषेत संरोध म्हणतात, स्वराच्या कंप्रतेनुसार बदलत राहतो. तोच स्पीकर एखाद्या स्वराला ५ ओहम दाखवितो, तर खर्जातील त्याच्या नैसर्गिक कंप्रतेला २५-३० ओहमपर्यंतही चढतो. तारेचा रोध मात्र तेवढाच राहतो. साहजिकच जेथे स्पीकरचा संरोध कमी तेथे तारेचा वाटा मोठा, आणि जेथे तो अधिक तेथे लहान. काही स्वर दबतात, काही वर उठतात. बारीक तारेमुळे ध्वनीचा तोलच बिघडतो, आणि हा दोष आवाज वाढवून जात नाही.

म्हणून जाणकार एक साधा नियम पाळतात. जाण्या-येण्याच्या दोन्ही तारांचा मिळून रोध स्पीकरच्या संरोधाच्या शेकडा पाचापेक्षा अधिक असू नये. ८ ओहमच्या स्पीकरला ही मर्यादा ०.४ ओहम येते, ६ ओहमला ०.३ आणि ४ ओहमला ०.२. या मर्यादेत आवाजाची घट अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी राहते, आणि ती कानाला सहसा जाणवत नाही.

आता हिशेब करू. शुद्ध तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. जाणे-येणे धरून तो दुप्पट करावा, म्हणजे दर मीटर अंतरास ०.०३४. यावरून ८ ओहमच्या स्पीकरला एक चौरस मिलिमीटरची जोडतार साडेअकरा मीटर अंतरापर्यंत चालेल, दीडची सतरा मीटरपर्यंत आणि अडीचची एकोणतीस मीटरपर्यंत. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेची धाव सहा मीटरच्या आतच संपते. स्पीकर ६ ओहमचा असेल तर ही सर्व अंतरे पाऊणपट धरावीत, ४ ओहमचा असेल तर निम्मी. तांबे तापले की त्याचा रोध वाढतो. २० अंश सेल्सिअसला मोजलेली तार ४५ अंशांवर सुमारे एक दशांशाने अधिक रोध दाखविते. चंडीगडच्या जून महिन्यात पश्चिमेच्या भिंतीतील तारेला हे तापमान अपरिचित नाही. तेव्हा हिशेब अगदी काठावर ठेवू नये.

अंतर मोजण्यात बहुतेकांची फसगत होते. रिसीव्हरपासून सोफ्यामागील स्पीकर डोळ्यांना पाच मीटरवर दिसतो, पण तार काही हवेतून जाणार नसते. ती कपाटामागून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाते, तेथून कडेने मागे, वाटेत दरवाजा आला तर त्याच्या चौकटीवरून, आणि शेवटी स्पीकरच्या उंचीपर्यंत वर. सुतळीचा एक गुंडा घेऊन, तार ज्या मार्गाने जाणार त्या मार्गाने ती प्रत्यक्ष फिरवावी आणि मग सुतळी मोजावी. आपल्या उदाहरणातील खोलीत दरवाजाच्या बाजूची सुतळी बारा मीटर भरेल. कपाट पुढे ओढण्याची वेळ कधी तरी येतेच, म्हणून त्यात एक मीटर अधिक धरावा.

या बारा मीटरांवर ६ ओहमचा स्पीकर असेल तर एक चौरस मिलिमीटरची तार अपुरी पडते, दीडची जेमतेम पुरते. भिंतीत गाडावयाची असल्याने येथे अडीचची घेणेच शहाणपणाचे. तिचा दोन्ही बाजूंचा रोध ०.१७ ओहमच्या आसपास राहील. समोरच्या तीन स्पीकरांचे अंतर दोन-तीन मीटर, त्यांना एक चौरस मिलिमीटरची तारही पुरून उरते. खोक्यात सर्व संच एकत्र मिळतो अशा स्वस्त संचांची गोष्ट मात्र वेगळी. त्यातील काही स्पीकर अवघे ३ ओहमचे असतात, आणि सोबतची तार केसासारखी बारीक. ३ ओहमला अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार सव्वादोन मीटरदेखील नीट चालत नाही. ‘मागचे स्पीकर वाजतच नाहीत’ ही तक्रार अशा घरांतून ऐकू येते तेव्हा दोष पुष्कळदा त्या तारेचा असतो.

दुकानात गेल्यावर भाषा बदलते. तेथे ‘दीड एमएमची वायर’ मागावयाची. त्याचा अर्थ दीड चौरस मिलिमीटर छेद असा घ्यावयाचा, तारेचा व्यास नव्हे. जुने दुकानदार अजूनही ‘तेवीस-शहात्तर’, ‘चाळीस-शहात्तर’ असे आकडे सांगतात. पहिला आकडा धाग्यांची संख्या दाखवितो, दुसरा त्या धाग्याची जाडी: इंचाचे ७६ दशसहस्रांश. अशा एका धाग्याचा छेद ०.०२९ चौरस मिलिमीटर येतो. तेव्हा तेवीस-शहात्तर म्हणजे सुमारे पाऊण चौरस मिलिमीटरला थोडी कमी, आणि चाळीस-शहात्तर म्हणजे एकाहून थोडी अधिक. परदेशी बनावटीच्या तारांवर अमेरिकन गेज असते, आणि त्यात आकडा लहान तितकी तार जाड. १६ गेज म्हणजे सुमारे १.३ चौरस मिलिमीटर, १४ गेज २.१ आणि १२ गेज ३.३. काही तारांचे पारदर्शक आवरण इतके जाड असते की आतील धागा भिंगासारखा मोठा दिसतो. जाडी आवरणाची मोजावयाची नसते.

धातूचीही परीक्षा करावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा पुष्कळ येतात. वरून त्या तांब्यासारख्याच दिसतात, पण त्यांचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून थोडा अधिक असतो, शिवाय दोन-चार वेळा वाकविल्या की धागे तुटतात. धाग्याला पात्याने खरवडले असता आत पांढरी धातू दिसली तर ती तार ठेवून द्यावी. मात्र वरून पांढरी आणि आत तांबडी दिसली तर ती कल्हई केलेली तांब्याची तार होय, आणि ती उत्तम. कोकणकिनाऱ्यावर, रत्नागिरीसारख्या ठिकाणी, खाऱ्या हवेत उघडे तांबे लवकर हिरवे पडते. तेथे कल्हईच्या तारेला अधिक पैसे मोजणे सार्थ आहे. चंडीगडच्या कोरड्या हवेत तिची तितकी गरज नाही.

विजेच्या दिव्यांसाठी वापरतात ती भारतीय मानक ६९४ प्रमाणे क्रमांक छापलेली लवचीक तार चालेल का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. क्रमांकाबाबत घोटाळा नको: विद्युत्‌रोधक आवरणाच्या घरगुती तारांचे मानक ६९४ हे आहे. त्या मानकाची, पुरेशा जाडीची तांब्याची तार स्पीकरला अवश्य चालते. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ती मीटरने कापून मिळते. ‘स्पीकर वायर’ म्हणून विकली जाणारी तार सोयीची एवढ्याचसाठी की तिच्या दोन शिरा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि एकीवर खूण असते.

महागड्या तारांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण कुटुंबाच्या पैशाला सर्वांत मोठी गळती येथेच लागते. एकेकाळी स्पीकरसोबत घंटीच्या तारेइतकी बारीक तार मिळे. १९७९ साली अमेरिकेत नोएल ली यांनी मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि जाड तारांना स्वतंत्र बाजारपेठ मिळवून दिली. जाड तार बारीक तारेपेक्षा चांगली, एवढ्यापुरते त्यात खोटे काही नव्हते. पण पुढे जाडीवरून चर्चा धातूच्या दुर्मीळ शुद्धतेवर, विणीवर आणि तारेच्या ‘दिशे’वर गेली, आणि किमतीला धरबंध उरला नाही. प्राणवायुविरहित तांब्याचेच पाहा. नेहमीच्या विद्युत्‌श्रेणीच्या तांब्यापेक्षा त्याची वाहकता शेकडा एकाने, फार तर, अधिक असते. उलट दीडऐवजी अडीच चौरस मिलिमीटरची साधी तार घेतली की रोध शेकडा चाळीसने उतरतो. उच्च कंप्रतेचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो हेही सांगितले जाते. ते खरे आहे. परंतु मानवी कानाची वरची मर्यादा जी २०,००० आवर्तने, तेथेही तांब्यात प्रवाह जवळजवळ अर्धा मिलिमीटर खोल शिरतो. घरगुती जाडीच्या तारेत त्याचा परिणाम नगण्य आहे.

सर्व तारा समान लांबीच्या हव्यात, हाही एक समज. डावीकडे सात मीटर आणि उजवीकडे बारा मीटर तार लागत असेल तर विक्रेता दोन्हीकडे बारा मीटर घ्यावयास सांगतो आणि उरलेल्या पाच मीटरांचे वेटोळे कपाटामागे पडून राहते. तारेतील विद्युत्‌संकेताचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास असतो. पाच मीटरच्या फरकाने होणारा उशीर सेकंदाच्या कोट्यंशाहूनही थोडा आहे. हवेतील ध्वनी मात्र सेकंदास सुमारे ३४५ मीटरच जातो. सोफ्यावर एक हात डावीकडे सरकून बसणाऱ्या माणसाच्या कानी पडणारा वेळेचा फरक तारेच्या फरकाहून हजारोपट मोठा असतो.

आता जोडणी. सर्वप्रथम रिसीव्हरचा प्लग भिंतीतून काढून ठेवावा. बटण बंद केले एवढ्यावर समाधान मानू नये. तारेच्या टोकाचे आवरण सुमारे एक सेंटिमीटर सोलावे, धागे न तोडता. धागे एकाच दिशेने घट्ट पिळावेत. एकही धागा बाजूला उभा राहता कामा नये. रिसीव्हरच्या पाठीमागे लाल आणि काळी टोके जवळजवळ असतात. एक सुटा धागा लालवरून काळ्याला टेकला की ॲम्प्लिफायरचा प्रवाह स्पीकरकडे न जाता तेथल्या तेथे फिरतो. चांगला रिसीव्हर स्वतःला बंद करून घेतो, साधा जळतो. महिन्याच्या पगाराएवढे यंत्र केसाएवढ्या धाग्याने जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे सोलण्याच्या कामाला घाई होत नाही. पिळलेल्या टोकावर डाख देऊन ते स्क्रूखाली दाबण्याची पद्धत काही कारागीर पाळतात. ती टाळावी, कारण शिसे-कथिलाचा मऊ डाख दाबाखाली हळूहळू पसरतो आणि वर्षभरात जोड सैल होतो. केळ्याच्या आकाराचे बनाना प्लग बसविता आले तर उत्तम. त्यांनी ध्वनी सुधारत नाही, पण सुटे धागे झाकले जातात.

लाल टोक लालला, काळे काळ्याला. हा नियम पाचही स्पीकरांना सारखाच पाळला पाहिजे. एका स्पीकरची टोके उलटी झाली तर तो मोडत नाही, वाजतोही. पण इतर शंकू पुढे येतात तेव्हा त्याचा मागे जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा ओढून घेतो. खर्ज पोकळ होतो आणि समोरच्या दोन स्पीकरांच्या मधोमध उमटावयाचा गायकाचा आवाज जागा सोडून कोठे तरी पसरतो. तारेच्या एका शिरेवर रेघ, कंगोरा किंवा अक्षरे असतात. ती शीर नेहमी लाल टोकाला लावावयाची असे एकदा ठरवावे. भिंतीतून आलेल्या तारेची खूण हरवली असेल तर दीड व्होल्टचा साधा सेल उपयोगी पडतो. रिसीव्हरकडील टोके सोडवून ती सेलला क्षणभर टेकवावीत. सेलचे धन टोक ज्या शिरेला लावले असता स्पीकरचा मोठा शंकू बाहेरच्या बाजूस उडी घेतो, ती लालची शीर. सेल टेकवून धरू नये, आणि ही परीक्षा केवळ उच्च स्वरांच्या लहान स्पीकरवर करू नये.

रिसीव्हरला हात लावण्यापूर्वी आणखी एक तपासणी करणे इष्ट. प्रत्येक जोडतारेच्या रिसीव्हरकडील टोकांवर मल्टिमीटर धरावा. ८ ओहमच्या स्पीकरला साधारण ६ ओहम दिसतील, कारण हे उपकरण केवळ वेटोळ्याचा रोध मोजते. शून्याजवळचा आकडा आला तर भिंतीत कोठे तरी दोन शिरा एकमेकींना भिडल्या आहेत. आकडाच आला नाही तर तार तुटली आहे. गिलावा होण्यापूर्वी एकदा आणि रंग झाल्यावर एकदा असे हे मोजमाप घ्यावे. गवंड्याच्या छिन्नीने तार कापली गेली असेल तर ते त्याच दिवशी कळते.

आपल्याकडील घरांत आणखी एक मोह असतो: रिसीव्हरच्या त्याच टोकांवरून स्वयंपाकघरात किंवा गच्चीवर एक जादा स्पीकर घेण्याचा. ८ ओहमचे दोन स्पीकर असे शेजारी शेजारी जोडले की दोघांचा मिळून संरोध ४ ओहम होतो, ६ ओहमच्या दोघांचा ३. संरोध निम्मा झाला की ॲम्प्लिफायरला दुप्पट प्रवाह पुरवावा लागतो. रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलेल्या किमान आकड्याखाली जाऊ नये. उन्हाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या यंत्राने तर मुळीच नाही.

विजेच्या तारांच्या सान्निध्याचा प्रश्न जिवाशी निगडित आहे. भिंतीत आधीच असलेल्या नळीतून दिव्याच्या तारांसोबत स्पीकरची तारही ओढून घ्यावी, म्हणजे भिंत फोडावी लागणार नाही, असे सुचविणारा कारागीर भेटतोच. ते कदापि मान्य करू नये. नळीत एखाद्या तारेचे आवरण सोलले गेले की २३० व्होल्टचा दाब स्पीकरच्या उघड्या टोकांवर येऊन उभा राहतो. स्पीकरसाठी स्वतंत्र नळी घालावी, ती विजेच्या नळीपासून फूटभर दूर ठेवावी, आणि छेद द्यावाच लागला तर काटकोनात द्यावा. भाड्याच्या घरात भिंतीला हात लावता येत नाही, तेथे कडेने केसिंगची पट्टी ठोकली तरी भागते. दोन पिनांचा विजेचा प्लग स्पीकरच्या तारेला लावण्याची जुनी सवय अजून पुरती गेलेली नाही. लग्नमंडपातील कर्ण्यांपासून ती घरात शिरली असावी. असा प्लग एखादे मूल सहज भिंतीतील सॉकेटमध्ये खुपसते. स्पीकर जळेल ती त्यातील लहान हानी.

सबवूफरला बहुधा स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो. त्याच्याकडे जाणारा संकेत दुर्बळ असल्याने त्याची तार जाळीच्या वेष्टनाची लागते. ती जोडल्यावर अखंड घूं घूं असा आवाज आला तर तो विजेच्या ५० आवर्तनांचा होय. बहुतेक वेळा केबलची किंवा छतावरील डिशची तार आणि विजेची भूमितार यांनी मिळून तयार झालेले वर्तुळ त्याला कारण असते. डिशची तार क्षणभर काढून पाहावी. आवाज थांबला तर कारण सापडले. तो थांबविण्यासाठी प्लगची जाड भूमिपिन कापून टाकणे मात्र प्राणघातक ठरू शकते.

संच व रिसीव्हर यांना जोडणाऱ्या एचडीएमआय तारेबाबत फार विचार करण्याचे कारण नाही. ती अंकीय संकेत वाहते. तो पोचतो किंवा अडखळतो, आणि अडखळला की चित्रावर ठिपके उमटतात किंवा पडदा काळा होतो. ध्वनी ‘अधिक उबदार’ करण्याचे तिच्या हाती नाही. तारेवर लिहिलेली वहनक्षमता यंत्राला पुरेशी आहे एवढे पाहावे, आणि दूरचित्रवाणीचा ध्वनी रिसीव्हरकडे परत आणावयाचा असेल तर ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेत ती घालावी. प्रकाशीय तारेने जुन्या धर्तीचा पाच पॉइंट एक ध्वनी जातो, नवे विनाघट प्रकार जात नाहीत.

स्पीकर कोठे ठेवावेत याविषयी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. श्रोत्याच्या नाकासमोरील रेषेपासून पुढील दोन स्पीकर प्रत्येकी ३० अंशांवर आणि बाजूचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे असावेत. सेक्टर ४३ च्या त्या खोलीत सोफा मागील भिंतीला अगदी टेकवून ठेवला तर बाजूच्या स्पीकरांना ही जागा उरत नाही; तो दोन-तीन हात पुढे घेतला की उरते. त्यानंतर रिसीव्हरच्या सूचीत प्रत्येक स्पीकरचे श्रोत्यापासूनचे अंतर टेपने मोजून भरावे. मघाशी सांगितलेला हवेतील उशीर यंत्र याच आकड्यांवरून सावरून घेते.

एवढे करूनही संवाद अस्पष्ट राहिले, तर दोष तारेकडे न शोधता खोलीकडे शोधावा. मधोमध उभे राहून एक टाळी वाजवावी. फरशी, उघड्या भिंती आणि स्लॅब यांच्यामध्ये ती खणखणत राहिली तर संवादही तसेच खणखणत राहतील. चंडीगडच्या उच्च न्यायालयात हाच प्रश्न आला होता. काँक्रीटच्या उंच दालनांतील प्रतिध्वनी शोषून घेण्यासाठी कॉर्बुझिए यांनी भिंतीवर टांगावयाची भव्य विणीव चित्रे आखली, आणि ती काश्मीरच्या विणकरांनी विणली. घरात एक जाड सतरंजी, खिडकीला भरघोस चुण्यांचा पडदा आणि पुस्तकांचे एक कपाट पुरते. पडद्याने बस स्थानकाचे कर्णे बंद होत नाहीत. त्यासाठी खिडकीच्या फटी रबराच्या पट्टीने बुजवाव्या लागतात.

भिंत बंद करण्यापूर्वी नळ्यांची छायाचित्रे काढावीत, जवळ टेप धरून, म्हणजे पुढे खिळा ठोकताना तार कोठे आहे ते कळेल. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना ‘पुढील डावा’, ‘मागील उजवा’ अशा चिठ्ठ्या बांधाव्यात. आणि प्रत्येक नळीत स्पीकरच्या तारेबरोबर एक मजबूत नायलॉनचा दोरा ओढून, त्याची टोके दोन्ही पेट्यांत गाठ मारून ठेवावीत. दहा वर्षांनी तार बदलावयाची झाली तर नवी तार त्या दोऱ्याला बांधून ओढून घेता येते.